सह्याद्रीचे पीस, यॉर्कशायरचा गळ आणि मुळा-मुठेची खुद्री

थ्रेड 🧵

१/ जून २००९. लंडनच्या वायव्येस असलेल्या ट्रिंग या लहानशा गावातील नैसर्गिक इतिहास संग्रहालय. रात्रीच्या वेळी एक तरुण खिडकी फोडून आत शिरतो आणि सुटकेस भरून बाहेर पडतो. सुटकेसमध्ये सोने नाही, हिरे नाहीत. आहेत ती २९९ मृत पक्ष्यांची जतन केलेली कातडी. त्यांतील काही खुद्द आल्फ्रेड रसेल वॉलेस याने एकोणिसाव्या शतकात गोळा केलेली.

२/ चोर बासरीवादनाचा विद्यार्थी होता. ही पिसे त्याला हवी होती मासे पकडण्याच्या गळावर बांधण्यासाठी. आणि ज्यांना ती विकली गेली, त्यांतील अनेकांनी त्या गळाने आयुष्यात एकही मासा पकडला नसावा. या वेडाचा इतिहास फार जुना आहे आणि त्याची एक वाट थेट आपल्या ताम्हिणी-भीमाशंकरच्या रानातून जाते. दुसरी वाट जाते पुण्याच्या मुळा-मुठेतून. आज या दोन्ही वाटा.

३/ आधी मूळ वस्तू समजून घेऊ. मराठीत मासा आणि माशी यांत एका अक्षराचे अंतर आहे. इंग्लंडमध्ये माशाला फसवण्यासाठी माशीच बनवतात. गळाच्या बारीक आकड्यावर रेशीम, लोकर आणि पिसे बांधून पाण्यातील कीटकाचा भास निर्माण करायचा, ही झाली ‘फ्लाय’. तिला वजन जवळजवळ नसते. म्हणून जड दोर चाबकासारखा हवेत फिरवून ती पाण्यावर अलगद ठेवावी लागते. यालाच फ्लाय-फिशिंग म्हणतात.

४/ या युक्तीचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख इंग्लंडचा नाही. इसवी सनाच्या २०० च्या आसपास होऊन गेलेल्या एलियन नावाच्या रोमन लेखकाने तो करून ठेवला आहे. मॅसिडोनियातील ॲस्ट्रेअस नदीवरचे लोक आकड्याला तांबडी लोकर गुंडाळतात आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवतात, असे तो सांगतो.

५/ ‘कोंबड्याची पिसे’ हे शब्द लक्षात ठेवा. कोंबडा हा युरोपचा पक्षी नव्हे. तो आशियातील जंगलातून माणसाळून पश्चिमेकडे गेला. म्हणजे फ्लायच्या पहिल्या ज्ञात वर्णनातच आशियाचे पीस आहे.

६/ आता इंग्लंड. १४९६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापल्या गेलेल्या गळविद्येवरील एका प्रबंधात १२ फ्लाय कशा बांधाव्यात हे दिले आहे. तो प्रबंध ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर खपतो. ती खरोखर लेखिका होती की नाही, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पुढे दोन-तीनशे वर्षांत यॉर्कशायर आणि स्कॉटलंडच्या सीमाभागातील खळाळत्या नद्यांवर एक वेगळीच, अतिशय साधी घडण रुजली. तिला आज ‘सॉफ्ट हॅकल’ म्हणतात. हॅकल म्हणजे पक्ष्याच्या मानेचे किंवा पाठीचे पीस. सॉफ्ट हॅकल म्हणजे मऊ पीस.

७/ ती बांधायला लागते काय? आकडा, मेण लावलेला रेशमी धागा आणि तित्तिराचे एक ठिपकेदार पीस. धागा आकड्याच्या डोळ्यापासून मागे, वळणाच्या सुरुवातीपर्यंत गुंडाळत न्यायचा आणि तसाच पुढे आणायचा. हेच कीटकाचे शरीर. फार तर धाग्याला सशाच्या किंवा चिचुंद्रीसारख्या प्राण्याच्या लवेचा चिमूटभर भुसा चोळायचा.

८/ मग पीस घ्यायचे. त्याच्या बुडाचा कापसासारखा भाग ओरबाडून टाकायचा, उरलेले तंतू उलट दिशेने विंचरायचे, शेंड्याकडून ते आकड्याला बांधायचे आणि दांडा धरून एक, फार तर दोन वेढे द्यायचे. जास्त नाही. तीन वेढे झाले की माशी केसाळ होते आणि कारागिराचा हात कच्चा ठरतो. शेवटी गाठ. सारे काम सरावलेल्या हाताला काही मिनिटांचे.

९/ इतक्या साध्या वस्तूला मासा का फसतो? कारण ती कीटकासारखी दिसत नाही. ती कीटकासारखी हालते. पाण्यातील अळी पंख फुटण्याच्या वेळी तळापासून वर येते, पाय झाडते, धडपडते. ट्राउट मासा तिला बहुधा पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच गाठतो. तित्तिराच्या किंवा कोंबडीच्या पिसाचे मऊ तंतू प्रवाहात उघडतात आणि मिटतात. नर कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस असे करत नाही. ते पाण्यावर तरंगते, म्हणून कोरड्या, तरंगत्या फ्लायसाठी ते उत्तम.

१०/ हा भेद १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट याने ठासून मांडला. १८८५ मध्ये टी. ई. प्रिट याने यॉर्कशायरच्या फ्लायांचा चित्रमय संग्रह छापला. त्याआधी ही मुख्यतः नदीकाठच्या माणसांची तोंडी विद्या होती. कोणते पीस, कोणत्या महिन्यात, कोणत्या रंगाच्या रेशमावर, हे बापाकडून मुलाकडे जाई. विसाव्या शतकात ती मागे पडली आणि १९७५ मध्ये सिल्व्हेस्टर नेम्स या अमेरिकी लेखकाच्या पुस्तकाने तिला पुन्हा उजेडात आणले.

११/ आता घराकडे वळू. दख्खनला गळ नवा नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. कोणता मासा कोठे राहतो, काय खातो, त्याला आधी खाद्य टाकून कसे सवयीचे करावे, काठी आणि दोर कसा असावा, हे सारे तिथे आहे. इंग्लंडमधील त्या छापील प्रबंधाच्या साडेतीनशे वर्षे आधी! गळाचा शास्त्रशुद्ध विचार युरोपातच झाला, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

१२/ पण त्यात पिसांची माशी नाही. भर आहे तो पिठाच्या आणि मांसाच्या आमिषांवर. याचे कारण, माझ्या तर्काप्रमाणे, मासा आणि नदी यांत आहे. ट्राउटला थंड, नितळ पाणी लागते. आपल्या नद्या चार महिने गढूळ आणि चार महिने तापलेल्या. आणि आपला मोठा मासा कीटकांवर जगत नाही. तो काठावरच्या झाडाची फळे खातो, शेवाळ खातो, लहान मासे खातो, देवळाच्या घाटावर टाकलेले पीठही खातो. त्याच्यासाठी माशी बांधत बसण्याची गरजच काय?

१३/ त्या माशाची गोष्ट सांगायची तर विल्यम हेन्री सायक्स याला भेटावे लागेल. जन्म १७९०. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील अधिकारी. पेशवाई संपवणाऱ्या खडकी आणि पुण्याच्या लढायांत तो होता. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांतकार नेमले. काम काय? नव्याने हाती आलेला दख्खन मोजणे. लोकसंख्या, पिके, पाऊस, वायुभार, आणि सोबत पशू, पक्षी, मासे.

१४/ सत्तेला मोजणी हवी होती, हे उघड आहे; महसूल मोजणीशिवाय बसत नाही. पण सायक्सचे कुतूहल नोकरीपेक्षा मोठे होते. १८३१ मध्ये तो मायदेशी परतला. १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली आणि १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. माशांच्या चाळीसहून अधिक जाती.

१५/ या यादीत एक विलक्षण गोष्ट आहे. त्या काळी नव्या जातीला लॅटिन विशेषण किंवा एखाद्या साहेबाचे नाव देण्याची रीत होती. सायक्सनेही काही नावे तशी दिली. पण कित्येक जातींना त्याने मराठी नावच शास्त्रीय नाव म्हणून चिकटवले. खुद्री, कोलस, नुक्ता, फुलंगी, मुल्या, शिंगटी, खरपा, गोग्रा. दोन शतके होत आली. जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ आजही यांतील बहुतेक नावे लॅटिनच्या पंक्तीला बसवून लिहितो.

१६/ थोडे थांबून विचार करा. ही नावे सायक्सला कोणी सांगितली? नदीवर जाळे टाकणाऱ्यांनी. पुणे प्रांतात हे काम प्रामुख्याने भोई समाजाचे. कोणता मासा कोलस आणि कोणता खुद्री, हे खवल्यांवरून, मिशांवरून ओळखणारे डोळे त्यांचे होते. शास्त्रीय नावापुढे मात्र एकच नाव लागते : सायक्स, १८३९. यॉर्कशायरच्या नदीकाठच्या माणसांची विद्या प्रिटच्या नावाने छापली गेली, तसेच हे. फरक इतकाच, की प्रिट त्यांच्यातला होता आणि सायक्स जेत्यांपैकी.

१७/ खुद्री हा त्यातला सर्वांत मोठ्या मानाचा मासा. सायक्सला तो पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर ‘मोता मोला’ नदीत मिळाला. म्हणजे अर्थातच आपली मुळा-मुठा! आज त्याचे शास्त्रीय नाव टोर खुद्री. इंग्रजीत निळ्या परांचा महासीर. जातीचे पहिले वर्णन जिथल्या नमुन्यावरून होते, त्या जागेला शास्त्रात कायमचे स्थान मिळते. बंडगार्डनच्या पुलाखालून वाहणाऱ्या त्या पाण्याकडे पाहताना हे आठवत राहते.

१८/ महासीर हा साहेबांचा लाडका. १८७३ मध्ये मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याने भारतातील गळविद्येवर मोठे पुस्तक लिहिले आणि महासीर इंग्लंडच्या सॅमनपेक्षाही जोरकस झुंज देतो असा दावा केला. साहेबांनी निलगिरीत आणि काश्मीरात ट्राउट आणून सोडले. दख्खनच्या कोमट पाण्यात तो जगणारा नव्हता. इथे फ्लायची हौस महासीरावरच भागवावी लागे. लहान महासीर फ्लाय घेतोही. मोठा मात्र बहुधा धातूच्या चमच्याला किंवा देशी पिठाच्या गोळ्याला भुलतो. सोमेश्वर राजाला याचे मुळीच नवल वाटले नसते.

१९/ आता दुसरी वाट : पीस. सायक्सच्या पक्ष्यांच्या यादीत पश्चिम घाटातील रानकोंबडाही आहे. तांबडा नव्हे, करडा, राखाडी अंगाचा. पहाटे ताम्हिणीत किंवा भीमाशंकरला मुक्काम केला असेल तर त्याची तुटक, घशातून आल्यासारखी बांग ऐकली असेल. गावठी कोंबड्याच्या लांब आरवण्याशी तिचे साम्य नाही. मध्य भारतात, गोदावरीच्या खोऱ्याच्या आसपास, या करड्याचा प्रदेश संपत जातो आणि तांबड्याचा सुरू होतो.

२०/ नराच्या मानेवरची पिसे म्हणजे निसर्गाचे मीनाकाम. प्रत्येक काळसर पिसावर पांढरे ठिपके आणि टोकाशी पिवळसर, गुळगुळीत, लाखेसारखी चकाकणारी टिकली. तिथे पिसाचा दांडाच चपटा होऊन कडक पत्रा बनलेला असतो. ही श्रीमंती बारमाही नाही. पावसाळ्याच्या सुमारास विणीचा काळ सरला की नर ही पिसे गाळतो आणि काही महिने मानेवर साधी काळी पिसे घेऊन वावरतो.

२१/ पिएर सॉन्नरा या फ्रेंच प्रवाशाने १७८२ मध्ये या पक्ष्याचे वर्णन छापले आणि जगातील पाळीव कोंबड्यांचा पूर्वज हाच, असे सांगितले. १८१३ मध्ये टेमिंकने त्याच्याच नावावरून शास्त्रीय नाव दिले. पुढे डार्विनने १८६८ मध्ये निराळा निकाल दिला : पूर्वज तांबडा रानकोंबडा. करड्याचा आवाज वेगळा, मानेची पिसे वेगळी, संकरित पिलांची वीण दुबळी. सॉन्नरा हरला, असेच सर्वांनी धरले.

२२/ १४० वर्षांनी, २००८ मध्ये, स्वीडनच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले, की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या पायांचे जनुक तांबड्या रानकोंबड्यातून आलेले नाही. ते आले आहे करड्यातून. डार्विन मुख्यतः बरोबर होता. पण सॉन्नराही पुरता चुकलेला नव्हता. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत दक्षिण भारतातील रानाचा अंश आहे. इतिहासातले निकाल असे पुन्हा उघडतात, म्हणूनच तो वाचायचा.

२३/ इंग्लंडला मात्र या पक्ष्याच्या वंशावळीशी कर्तव्य नव्हते. त्यांना टिकली हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सॅमन माशासाठी भपकेदार फ्लायांची लाट आली. ‘जॉक स्कॉट’ ही त्यातील सर्वांत प्रसिद्ध. दक्षिण अमेरिकेचा टुकान, भारतातला रानकोंबडा, साम्राज्याच्या व्यापारमार्गांवर जे जे पीस मिळे ते ते एका आकड्यावर. रानकोंबड्याची टिकली फ्लायच्या गालावर बसवीत. पाण्यात ती लहान माशाच्या डोळ्यासारखी चमके, असा समज. १८९५ मध्ये जॉर्ज केल्सनने या साऱ्याचा जाडजूड ग्रंथ लिहिला.

२४/ आता वर सांगितलेली सॉफ्ट हॅकल आठवा. एक देशी पीस, एक वेढा, एक धागा. आणि तिच्या शेजारी ही सॅमन फ्लाय : चार खंडांचे पक्षी. गंमत अशी, की मासा दोन्हींना सारखाच फसतो. पिसांची महागाई माशासाठी नव्हतीच. ती माणसांनी एकमेकांना दाखवण्यासाठी होती. ट्रिंगच्या चोरीचे मूळ इथे आहे.

२५/ यात पक्ष्यांचे काय झाले? एका नराच्या मानेची साल म्हणजे एक मेलेला नर. बायकांच्या टोप्यांसाठी होणारा पिसांचा व्यापार तर याहून कितीतरी मोठा होता. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या कातड्यांच्या आणि पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. १९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीवर कायदा केला. चोरटा व्यापार तरीही चालू राहिला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७५ पासून अमलात आलेला साइट्स करार यांनी अखेर दार बंद केले. आज कायदेशीर बाजारात मिळणारी रानकोंबड्याची पिसे युरोपात पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची असतात.

२६/ पक्षी वाचला. खुद्रीचे प्रकरण इतके सरळ नाही. महासीर पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाला चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. १८७९ मध्ये मुठेवर खडकवासला धरण पुरे झाले. १९२० च्या दशकात मुळेवर टाटांचे मुळशी धरण उठले. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी केलेला सत्याग्रह आपल्याला ठाऊक आहे. माशांच्या बाजूने अर्थातच कोणी बोलले नाही; त्या वेळी माणसांचेच ऐकले जात नव्हते.

२७/ १९४२ मध्ये ए. जी. एल. फ्रेझरने मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी छापली. तिच्याशी आणि सायक्सच्या यादीशी पुढच्या अभ्यासकांनी ताडून पाहिले, तेव्हा शहराचे सांडपाणी, धरणे आणि बाहेरून आणलेले मासे यांमुळे मुळा-मुठेतील जाती घटत गेल्याचे दिसले. जुन्या याद्या अशा उपयोगी पडतात. काय हरवले, हे सांगायला आधी काय होते, हे कुणीतरी लिहून ठेवावे लागते.

२८/ आता कथेला वळण. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी खुद्रीची अंडी आणि पिले यांचा अभ्यास करून तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने खुद्रीचे प्रजनन केंद्र उभारले. पावसाळ्यात पक्व मादीची अंडी हाताने काढायची, नराच्या रेतात मिसळायची, वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवायची. ज्यांच्या धरणांनी माशाची वाट अडवली, त्यांच्याच तळ्याकाठी त्याची लाखो पिले जन्मली. यात विरोधाभास पाहावा की प्रायश्चित्त, हे ज्याचे त्याने ठरवावे. काम मोठे झाले, हे नाकारता येणार नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘धोक्यात’ म्हणून नोंदलेली खुद्री आता ‘चिंता कमी’ या वर्गात आहे.

२९/ आणि तरीही. ही पिले देशभर वाटली गेली. कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, जगातील सर्वांत थोर महासीरांपैकी एक मासा होता. गळाने मासा पकडून परत सोडणाऱ्या शौकिनांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. निळ्या परांची खुद्री वाढत गेली होती. कुबडवाला नाहीसा होत गेला होता.

३०/ त्या कुबडवाल्याला नेमके शास्त्रीय नाव मिळायलाच २०१८ उजाडले : टोर रेमादेवी. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. हौशी गळवाल्यांनी शंभर वर्षे त्याच्याबरोबर छायाचित्रे काढली होती. त्याचा सायक्स त्याला भेटलाच नव्हता. आमच्या मुळा-मुठेचा मासा सद्हेतूने दुसऱ्याच्या नदीत गेला आणि तिथल्या मासळीला भारी पडला. माझ्या मते या सगळ्या कथेतील सर्वांत अवघड प्रकरण हेच आहे, कारण यात लोभी व्यापारी नाही आणि चोरही नाही.

३१/ खुद्री पाहायची असेल तर गळ लागत नाही. रायगड जिल्ह्यात वाळण कोंड येथे वरदायिनीच्या देवळापाशी आणि पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या डोहात हे मासे देवाचे म्हणून राखले जातात. तिथे कोणी जाळे टाकत नाही. भाविक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पृष्ठभागावर येतात.

३२/ शेवटी एक विनंती. सायक्सने टिपलेली काही नावे आज पुण्यात कोणाला सांगता येत नाहीत, पण भीमा, नीरा, घोड, कुकडीच्या काठी ती अजून बोलली जात असतील. तुमच्या गावच्या नदीत खुद्रीला, कोलशीला, नुक्त्याला काय म्हणतात? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि नदीच्या व गावाच्या नावासह खाली लिहा.